पेशंट म्हणाला "तिला सोडणार नाही", तर थेरपिस्टने कुणाला आणि किती सांगायचं?

मनवेधी (धागाकर्ती)

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात नीतिशास्त्राचा विषय निघाला की तारासॉफ खटला येतोच. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. साल १९६९, बर्कली, कॅलिफोर्निया विद्यापीठ. बंगालमधून जहाजबांधणी शिकायला आलेला एक विद्यार्थी आणि लोकनृत्याच्या वर्गात ओळख झालेली तात्याना तारासॉफ. तिच्या लेखी ती फक्त ओळख, त्याच्या लेखी सगळं ठरल्यात जमा. ती उन्हाळ्यात ब्राझीलला गेली आणि तो विद्यापीठाच्या रुग्णालयात लॉरेन्स मूर या मानसशास्त्रज्ञाकडे उपचार घेऊ लागला. २० ऑगस्टच्या सेशनमध्ये त्याने सांगितलं की ती परत आली की मी तिला मारणार. नाव घेतलं नव्हतं, पण कोण ते ओळखू येत होतं.

मूर यांनी कॅम्पस पोलिसांना आधी तोंडी, मग पत्राने कळवलं की आजार तीव्र आहे, ताब्यात घ्या. पोलिसांनी ताब्यात घेतलं, बोलून पाहिलं, "हा तर शहाण्यासारखा बोलतोय" म्हणून तिच्यापासून लांब राहण्याचं वचन घेतलं आणि सोडून दिलं. पुढे विभागप्रमुखांनी मूर यांचं पत्र परत मागवलं आणि नोंदी नष्ट करायला सांगितल्या. तात्यानाला कुणीच काही कळवलं नाही. २७ ऑक्टोबरला त्याने तिच्या घरी जाऊन तिला ठार केलं.

आईवडिलांच्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटलं की थेरपिस्टने सावध करायला हवं होतं. १९७६ च्या फेरनिकालात ते कर्तव्य रुंद केलं : धोक्यातल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घ्या, मग ती सावध करून असो, पोलिसांना कळवून असो, की पेशंटला दाखल करून.

आता प्रश्न आपल्याकडचा. एक काल्पनिक केस घेऊ. साताऱ्याकडचा ३८ वर्षांचा माणूस, रोजची दारू, बायकोवर संशय. सेशनमध्ये म्हणतो, "माहेराहून आली की या वेळी सोक्षमोक्षच लावतो." त्याला घेऊन येणारी बायकोच, फी भरणारीही तीच. थेरपिस्टने काय करायचं? गप्प बसला तर काय, बोलला तर काय? जाणकारांनी लिहावं.

तिरकस

शीर्षक वाचून वाटलं नवीन वेबसीरिज आली. बघतो तर अभ्यासक्रम. तरी पॉपकॉर्न आणलेच आहेत, बसतो.

बंडूनाना

यात कसली आलीय द्विधा? एका बाईचा जीव एकीकडे आणि एका दारुड्याची गोपनीयता दुसरीकडे. सरळ पोलीस स्टेशन गाठायचं. बाकी चर्चा ही शिकल्यासवरल्या लोकांची चैन आहे.

ॲड. शमिका

नाना, पोलीस स्टेशन गाठून पुढे काय होतं ते मूर यांच्या गोष्टीत आलंच आहे की. त्यांनी पोलिसांनाच कळवलं होतं.

आता कायदा. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याचं कलम २३ गोपनीयतेचं. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे कर्तव्य, आणि पुढे अपवाद. आपल्या कामाचे असे :

नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या बाबतीत पेशंटच्या बाजूने काम बघणारा माणूस) त्याचं काम करता यावं एवढी माहिती देता येते. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला किंवा मानसोपचार व्यावसायिकाला देता येते. दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होऊ नये म्हणून गरज असेल तर देता येते. जीवाला धोका टाळण्यासाठी, तसंच सार्वजनिक सुरक्षिततेसाठीही देता येते. याशिवाय मंडळ (याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य आढावा मंडळ), उच्च न्यायालय वगैरेंच्या आदेशाने.

याच यादीत एक ओळ लोक वाचायची विसरतात : त्या धोक्यापासून बचावाला जेवढी लागेल तेवढीच माहिती द्यायची. म्हणजे "तुमच्या जीवाला धोका आहे" हे अपवादात बसतं. "त्यांना लहानपणी वडील मारायचे, म्हणून ते असे झालेत" हे बसत नाही, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

डॉक्टरांसाठी शिवाय २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम आहेत. त्यातल्या ७.१४ नुसार विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येण्याजोगा धोका असेल तर पेशंटचं गुपित उघड करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स वि. हॉस्पिटल झेड' या एचआयव्हीच्या खटल्यातही हेच धरलं की गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही.

घाटावरचा

म्हणजे "सांगू शकता" असं आहे, "सांगायलाच हवं" असं नाही. बरोबर ना? मग थेरपिस्ट सुटला की. गप्प बसला तरी कुणी विचारणार नाही.

नानू_टेक्सासकर

घाटावरचे, तुम्ही म्हणताय तसंच जवळपास इथे टेक्सासमध्ये आहे. 'थापर वि. झेझुल्का' या १९९९ च्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफचं कर्तव्य मान्य करायला नकार दिला. पेशंट सावत्र वडिलांना मारण्याबद्दल बोलला होता, डॉक्टरांनी घरच्यांना कळवलं नाही, पुढे त्याने मारलं. कोर्ट म्हणालं, राज्याच्या कायद्याने पोलिसांना किंवा वैद्यकीय यंत्रणेला सांगायची मुभा आहे, सक्ती नाही.

कॅलिफोर्नियात उलट. तिथे दिवाणी संहितेत ४३.९२ हे कलम आहे. पेशंटने ओळखता येईल अशा व्यक्तीविरुद्ध गंभीर शारीरिक हिंसेची धमकी दिली, आणि थेरपिस्टने त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवायचा वाजवी प्रयत्न केला, की तो दाव्यापासून सुरक्षित. २००४ च्या 'ईविंग वि. गोल्डस्टीन'मध्ये त्यात भर पडली : धमकी पेशंटच्या तोंडूनच यायला हवी असं नाही, त्याच्या वडिलांनी थेरपिस्टला सांगितली तरी ती मोजली जाऊ शकते. म्हणजे एका राज्यात एक, दुसऱ्यात दुसरं. इथे प्रॅक्टिस करणारे मराठी लोक राज्य बदललं की आधी हे कलम बघतात.

ॲड. शमिका

@घाटावरचा, इतकं सोपं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ बघा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३९). काही गंभीर गुन्ह्यांची यादी आहे, त्यात खून आहे. असा गुन्हा झाल्याचं किंवा करण्याचा इरादा असल्याचं कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला कळवायचं. न कळवण्यामागे वाजवी कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्या व्यक्तीवरच. हे नागरिकाचं कर्तव्य आहे, त्यात थेरपिस्टला सूट लिहिलेली नाही. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरं, वकील-अशील संभाषणाला आपल्या साक्ष कायद्यात जे संरक्षण आहे तसं डॉक्टर-पेशंट संभाषणाला नाही. अमेरिकेत १९९६ च्या 'जॅफी वि. रेडमंड'पासून केंद्रीय कोर्टात थेरपिस्ट-पेशंट संभाषणाला ते आहे. इथे न्यायाधीशाने विचारलं तर थेरपिस्टला उत्तर द्यावं लागतं.

तिसरं, पोक्सो. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. तिथे "माझा पेशंट आहे, विश्वासाचं नातं आहे" हे चालत नाही.

बंडूनाना

हेच तर म्हणत होतो मी!

डॉ. आडवाट

नाना, थांबा जरा. कलम ३३ मध्ये "इरादा" असं आहे. माणूस रागात बोलला म्हणजे इरादा झाला का, हे ठरवायचं काम थेरपिस्टचं, आणि सगळं कौशल्य तिथेच लागतं. "मारून टाकीन त्याला" हे वाक्य कुठल्याही ओपीडीत दिवसाला चार वेळा ऐकू येतं. सासूबद्दल, साहेबाबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल.

मनवेधी, तुमच्या केसमध्ये "सोक्षमोक्ष लावतो" हे ऐकल्यावर बहुतेक नवखे थेरपिस्ट दोनपैकी एक करतात. विषय बदलतात किंवा घाबरून फोन उचलतात. दोन्हीच्या आधी विचारायचं. थेट, आवाज न चढवता :

सोक्षमोक्ष म्हणजे काय करणार? कुणाला? ती कधी येणार आहे? त्या वेळी घरात कोण असेल? कशाने करणार? ते घरात आहे का, कुठे ठेवलंय? याआधी तिच्यावर हात उचललाय का, गळा दाबलाय का? असं करू नये असं वाटतं तेव्हा काय अडवतं?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. "पोरं आहेत ना" हे उत्तर आणि "आता काहीच नाही" हे उत्तर यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कोयता घरात असणं ही साताऱ्याकडे बातमी नाही, ऊसतोडीच्या भागात तो असतोच. पण कोयता गोठ्यातून उचलून उशाखाली आला असेल तर ती बातमी आहे.

विचारल्याने डोक्यात कल्पना भरते हा गैरसमज आहे. आत्महत्येबद्दल विचारतानाही लोकांना हीच भीती असते.

डॉ. आडवाट

पुढचं वेगळं लिहितो, कारण ही केस साधी नाही. दारू आणि बायकोच्या चारित्र्यावरचा पक्का संशय हे जोडीने येतात आणि संशयभ्रम धोकादायक आजारांत मोडतो. इथे बघायचं ते असं : तिचे कपडे, अंथरूण तपासतो का? फोन उघडून बघतो का? पाठलाग करतो का? आणि "एकदा कबूल कर, मग मी शांत होतो" असं म्हणतो का?

या शेवटच्या वाक्याचा सापळा बायकांना माहीत नसतो. रोजच्या छळाला कंटाळून, मिटवायचं म्हणून, ती खोटंच "हो" म्हणते. तो शांत होत नाही. त्याला आता पुरावा मिळालेला असतो, आणि पुढचा प्रश्न तयार असतो : "आणखी कोण कोण?" म्हणून तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं की काहीही झालं तरी न केलेलं कबूल करायचं नाही. वादही घालायचा नाही. "तुम्हाला तसं वाटतंय हे मला कळतंय, पण तसं नाही" एवढं म्हणून विषय सोडायचा.

धोका फक्त बायकोला नसतो. ज्याच्यावर संशय आहे तो शेजारी, दीर, दुकानदारही यादीत धरायचा. आणि औषधांनी संशय हटत नसेल तर काही काळ दोघांनी वेगळं राहणं हा या आजारातला मान्य उपाय आहे. आपल्याकडच्या नातेवाइकांना तो पटवणं औषध पटवण्यापेक्षा कठीण.

निशिगंधा

डॉक, सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पण "धोका ओळखा" म्हणणं सोपं आहे हो. थोडा हिशेब मांडते. समजा १०,००० पेशंट आहेत आणि त्यातले १०० जण पुढे खरोखर गंभीर हिंसा करणार आहेत. आपल्याकडे अशी चाचणी आहे की करणाऱ्यातले ८० टक्के आणि न करणाऱ्यातलेही ८० टक्के ती बरोबर ओळखते. ऐकायला छान. आता मोजा. १०० पैकी ८० सापडले, २० निसटले. उरलेल्या ९,९०० पैकी १,९८० जणांवर चुकीचा शिक्का बसला. एकूण २,०६० जणांना "धोकादायक" ठरवलं आणि त्यातले खरे ८०, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. नानांच्या हिशेबाने या सगळ्यांना पोलीस स्टेशनला पाठवलं तर उरलेले १,९८० जण पुन्हा कधी थेरपिस्टपुढे तोंड उघडतील का?

तारासॉफच्या निकालात न्यायमूर्ती क्लार्क यांचं विरोधी मत याच मुद्द्यावर होतं. थेरपिस्ट सांगून टाकतो हे कळलं की पेशंट येणार नाहीत, आलेले बोलणार नाहीत, आणि उपचार न झाल्याने हिंसा उलट वाढेल.

आणखी एक. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात (१९९८) असं दिसलं की रुग्णालयातून घरी गेलेले पण व्यसन नसलेले मानसिक रुग्ण त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. व्यसन आलं की दोन्हीकडे हिंसा वाढते. वर्तमानपत्रं "मनोरुग्णाने केला हल्ला" छापतात तेव्हा हा भाग गाळतात.

तिरकस

१,९८० जणांत सोसायटीचे सेक्रेटरी किती धरलेत?

पाटी_पेन्सिल

निशिगंधाताई, हिशेब बरोबर आहे, पण कुठलाही शहाणा माणूस एका चाचणीवर शिक्का मारत नाही. एचसीआर-२० सारखी हिंसेचा धोका तपासायची साधनं त्यासाठीच आहेत. २० मुद्दे : १० भूतकाळातले (आधीची हिंसा, व्यसन, नोकरी-नाती टिकणं), ५ सध्याच्या अवस्थेतले (आजाराची जाण, हिंसक विचार, लक्षणं, अस्थिरता, उपचाराला प्रतिसाद) आणि ५ पुढच्या परिस्थितीतले (कुठे राहणार, आधार कोण, ताण कसला). बेरीज करून "१४ गुण, धोकादायक" असं ठरवायचं नसतं, कारण या साधनात कट-ऑफच नाही. कुठल्या परिस्थितीत, कुणाविरुद्ध, किती लवकर काय होऊ शकतं याची चित्रं रंगवायची आणि मग कुठला दुवा तोडता येईल ते बघायचं.

भूतकाळ बदलता येत नाही, पण दारू, झोप, घरातला कोयता आणि माहेराहून परतायची तारीख हे चारही बदलता येतात. मनवेधींच्या केसमध्ये मी सगळ्यात आधी त्या तारखेकडे बघेन. ती पुढे ढकलता आली तर हातात वेळ येतो.

कोकणकडा

एक व्यावहारिक प्रश्न. थेरपिस्ट स्वतः सुरक्षित आहे का? एका खोलीत, संध्याकाळी सातला, रिसेप्शनिस्ट घरी गेलेली.

पाटी_पेन्सिल

चांगला प्रश्न, याकडे फार दुर्लक्ष होतं. दोघांनाही दाराकडे जायला मोकळी वाट हवी. पेशंट कोपऱ्यात अडकला तर तोही बिथरतो, म्हणून "थेरपिस्ट दाराजवळ" एवढंच पुरत नाही. अंतर दोन हातांचं. टेबलावर पेपरवेट, कात्री, काचेचा ग्लास, उकळता चहा नको. गळ्यात ओळखपत्राची दोरी असेल तर ओढल्यावर सुटणारी, ओढणी गळ्याभोवती नको. असा पेशंट दिवसाच्या मधल्या वेळेत बोलवायचा, शेवटचा नंबर कधीच द्यायचा नाही. बाहेरच्या माणसाशी एक साधं वाक्य ठरवून ठेवायचं, उदाहरणार्थ "ती निळी फाइल आणून द्या", की त्याने आत यायचं. पिऊन आला असेल तर सेशन घ्यायचं नाही, पण हाकलायचंही नाही. सोबतच्या नातेवाइकाला बोलावून पुढची वेळ द्यायची.

येरझारा, आवळलेला जबडा, एकटक नजर, वाढता आवाज ही लक्षणं दिसली की तत्त्वज्ञान थांबवायचं. छोटी वाक्यं, एका वेळी एकच गोष्ट.

बंडूनाना

हे सगळं ठीक. पण उद्या ती माहेराहून येणार आणि आज पेशंट समोर आहे. ॲडमिट का नाही करत? आमच्याकडे तर चहात गोळी घालून देतात, काम तमाम.

डॉ. आडवाट

चहात गोळी! आलाच हा विषय.

नाना, ज्याला "बायको मला विष घालतेय" असा संशय आहे त्याच्या चहात बायकोनेच औषध घातलं, आणि त्याने ते पाहिलं, तर त्याचा भ्रम शंभर टक्के खरा ठरवून दिला तुम्ही. मग त्या बाईला वाचवणं अवघड. संमतीशिवाय औषध देणं कायद्यातही बसत नाही. आणि तांत्रिक बाजू : रिस्पेरिडोनचं (भ्रमावरचं नेहमीचं औषध) पातळ औषध चहात किंवा कोलात घालायचं नसतं, त्यांच्याशी जुळत नाही. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, दूध चालतं. म्हणजे ज्या पेयात सगळा महाराष्ट्र ते घालतो तेच नेमकं चालत नाही.

गोळी घेत नाही हा खरा प्रश्न असेल तर त्याच्या संमतीने दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन हा सरळ मार्ग. "रोज गोळीवरून घरात भांडण नको" हे कारण बरेच पेशंट मान्य करतात.

आता ॲडमिशन. २०१७ च्या कायद्यात कलम ८९ : पेशंटला जास्त आधाराची गरज आहे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची धमकी किंवा प्रयत्न, किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटावी असं वागणं, असं काही असेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. मंडळाला कळवायचं : बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, बाकी ७ दिवसांत. अगदी तातडीचं असेल तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. त्यात शॉक ट्रीटमेंट चालत नाही.

फार आक्रमक अवस्थेत सरकारी इस्पितळात सहसा हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जोडी स्नायूत देतात. यावरचे चांगले अभ्यास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेत. हॅलोपेरिडॉल एकटं दिलं तर मान, जबडा, डोळे ताठरतात, आणि असा अनुभव आलेला पेशंट पुन्हा डॉक्टरकडे येत नाही. म्हणून सोबत प्रोमेथाझिन.

आणि दारुड्याला दाखल केलं की दारू एकदम बंद होते. दोन-तीन दिवसांत कंप, भास, झटके येऊ शकतात. त्याची औषधं आणि थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) पहिल्या दिवसापासून हवं. नाहीतर "मनोरुग्णालयात नेलं आणि आणखी बिघडला" हे गावभर.

घाटावरचा

गोम अशी की प्रतिनिधी कोण? बायकोच. म्हणजे जिला धोका तिच्याच अर्जावर त्याला दाखल करायचं. बाहेर आल्यावर पहिला राग कुणावर निघेल?

ॲड. शमिका

अगदी मर्मावर बोट. पेशंटला साध्या कागदावर लिहून दुसरा प्रतिनिधी नेमता येतो, कलम १४. भाऊ, मामा, मोठा चुलत भाऊ, ज्याचं तो ऐकतो असा कुणी. कुणी योग्य नसेल तर मंडळ नेमू शकतं. पेशंट थोडा निवांत असताना, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच हे करून ठेवायचं. धोका उंबऱ्यावर आल्यावर सुचून उपयोग नाही. अर्जावर सही भावाची असली की "तूच मला वेड्यांच्या इस्पितळात टाकलंस" हे बायकोला ऐकावं लागत नाही.

पोलिसांबाबत : कलम १०० खाली मानसिक आजारामुळे कुणाला धोका असेल असं वाटलं तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन जास्तीत जास्त २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, लॉकअपमध्ये नाही. प्रत्यक्षात "घरगुती मामला आहे" म्हणून वाटेला लावतात. तोंडी जाऊ नका. एका पानाचं पत्र न्या, त्यावर कलम १०० लिहा, पोच घ्या. बाई तयार असेल तर घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षण आदेश मागता येतो. त्यासाठी नवऱ्याचं निदान उघड करावं लागत नाही, त्याचं वागणं पुरतं.

कोकणकडा

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. कोल्हापूरकडून आक्रमक पेशंटला घेऊन घाट उतरायचा म्हणजे काय, हे कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा करून बघावं. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी फोन करून खाट आहे का विचारा, मगच गाडी काढा.

नानू_टेक्सासकर

अवांतर, पण याच विषयातलं. इंग्लंडमधला १९९० चा 'डब्ल्यू वि. एग्डेल' खटला मला तारासॉफपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. पाच जणांना मारून कडक बंदोबस्ताच्या इस्पितळात असलेल्या पेशंटच्या वकिलांनीच सुटकेच्या अर्जासाठी डॉ. एग्डेल यांचा अहवाल मागवला. त्यांनी लिहिलं की याला घरगुती स्फोटकांचं जुनं वेड आहे, आणि बाकीच्यांनी ते गांभीर्याने घेतलेलं नाही. वकिलांनी अर्जच मागे घेतला, अहवाल दाबला. एग्डेल यांनी तो इस्पितळाला दिला आणि गृहखात्याकडेही पोचवला. पेशंटने दावा लावला, कोर्टाने डॉक्टरांची बाजू घेतली. बघा, त्यांनी वर्तमानपत्राला दिला नाही. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनाच दिला.

निशिगंधा

हो, आणि दुसरं टोक म्हणजे २०१५ चा जर्मनविंग्जचा अपघात. सहवैमानिकाने विमान डोंगरावर आदळवलं, १५० मृत्यू. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नको म्हणून लिहून दिलं होतं, ते त्याने कंपनीपासून लपवलं. जर्मनीत गोपनीयता मोडणं हा फौजदारी गुन्हा आहे, अपवाद असले तरी डॉक्टर बिचकतात. पण तेव्हा त्या डॉक्टरांपुढे "मी विमान पाडणार" असं म्हणणारा माणूस नव्हता, खचलेला माणूस होता. निकाल माहीत झाल्यावर "दिसत होतंच" म्हणणं सोपं जातं.

तिरकस

सिनेमात मात्र थेरपिस्ट पेशंटच्या घरी स्वतःच जाते, एकटी, रात्री, पावसात. टॉर्चची बॅटरी संपलेली.

पाटी_पेन्सिल

तिरकस :) आणि सिनेमात कुणी नोंद करत नाही. प्रत्यक्षात तीच वाचवते, पेशंटलाही आणि थेरपिस्टलाही. नोंद अशी हवी :

"दु. १२.१०. पेशंटचे शब्द : 'माहेराहून आली की या वेळी सोक्षमोक्षच लावतो.' विचारल्यावर : 'कापून टाकीन.' साधन : कोयता, घरात, पलंगाखाली. आधीची हिंसा : मागच्या दिवाळीत गळा दाबला (पत्नीकडून). आज प्यायलेला नाही. अडवणारी गोष्ट : मुलगी. १२.४० ला वरिष्ठांशी फोनवर चर्चा, नाव न सांगता. ठरलं : अमुक. पेशंटला काय सांगितलं, त्याचं उत्तर काय, पत्नीला काय सांगितलं, किती वाजता, पुढचा आढावा कधी."

जे केलं नाही त्याचं कारणही लिहायचं : "आज पोलिसांना कळवलं नाही, कारण भाऊ सोबत आहे आणि पेशंट दाखल व्हायला तयार आहे." आणि लक्षात ठेवा, कलम २५ प्रमाणे पेशंटला स्वतःची फाइल मागता येते. गंभीर मानसिक हानी किंवा दुसऱ्याला धोका होणार असेल तर तेवढा भाग रोखता येतो, पण त्यासाठी मंडळाकडे अर्ज करता येतो हे पेशंटला सांगून. म्हणून "नालायक माणूस" छापाची विशेषणं फाइलमध्ये नकोत.

मनवेधी

भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. पण मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला. बायकोला नेमकं काय सांगायचं? आणि तिला सांगणार आहोत हे त्याला सांगायचं का?

डॉ. आडवाट

शक्यतो त्याला आधी सांगायचं, आणि शक्य असेल तर त्याच्या समोरच तिला किंवा भावाला. "तुम्ही जे बोललात त्यामुळे मला तिची काळजी वाटते आणि तुमचीही. तुमच्या हातून काही घडलं तर तुमची मुलगी दोघांनाही मुकेल. हे मी एकट्याजवळ ठेवू शकत नाही, पहिल्या दिवशी मी तसं सांगितलं होतं. तुमच्या भावाला आता फोन करायचा, तुम्ही करता की मी करू?" बऱ्याच वेळा तो स्वतःच करतो. आत कुठेतरी अडवलं जावं असं वाटत असतं, म्हणून तर तो थेरपिस्टपुढे बोलला.

सांगितल्याने तिथल्या तिथे भडकेल किंवा थेट तिला गाठेल अशी शंका असेल तर मात्र आधी तिची सोय, मग त्याच्याशी बोलणं.

तिला : "त्यांनी तुमच्या जीवाला धोका होईल असं बोलून दाखवलंय. आम्ही ते गंभीरपणे घेतोय. सध्या माहेराहून येऊ नका. त्यांना जाब विचारू नका." बस्स. संशय कुणावर, काय भास, लहानपण, काही नाही. संशय असलेल्या शेजाऱ्याला सावध करायचं असेल तर त्याला याहूनही कमी.

कोकणकडा

त्यात भर : तिने फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करावं. सिम त्याच्या नावावर असेल तर दुसरं घ्यावं. आधार, बँक पासबुक, मुलीचे शाळेचे कागद आणि नेहमीची औषधं माहेरीच ठेवावीत. तारीख दिराला, जावेला सांगू नये, तिथूनच बातमी फुटते. ११२ आणि १८१ हे नंबर पाठ असावेत, फोन काढून घेतला जाऊ शकतो. सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलता येतं.

घाटावरचा

आणि साधा समुपदेशक असेल तर? आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नाही, डिप्लोमा केलाय, शाळेत किंवा संस्थेत बसतो. त्याने काय करायचं?

ॲड. शमिका

त्याने असा पेशंट एकट्याने धरून ठेवायचाच नाही. दाखल करायचा अधिकार त्याला नाही, औषध देता येत नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे, लेखी चिठ्ठीने. पण "पाठवलं, सुटलो" असंही नाही. पेशंट तिथे पोचला का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं आणि तेही लिहून ठेवायचं. कलम ३३ त्यालाही लागू आहेच.

बंडूनाना

बरं, मान्य. पोलीस स्टेशन पहिलं नाही, तिसरं-चौथं. पण यादीत आहे ना?

डॉ. आडवाट

आहे नाना. भाऊ नाही, पेशंट दाखल व्हायला तयार नाही, उठून निघून गेला आणि ती एसटीत बसलीय, अशा वेळी पहिलं तेच. आधी तिला फोन, मग लगेच ११२.

मनवेधी

पहिल्या दिवशी सांगितलं होतं, असं डॉक म्हणाले. संमतीपत्रात ते कसं लिहायचं? मी कच्चा मजकूर देते : "तुम्ही सांगितलेली माहिती गुप्त राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असल्यास संबंधितांना कळवले जाईल."

ॲड. शमिका

"संबंधितांना" काढा, त्यात सगळा गाव येतो. असं करा : "तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जीवाला धोका आहे असं वाटलं, लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा कोर्टाने आदेश दिला, तर जेवढी आवश्यक तेवढीच माहिती धोक्यातल्या व्यक्तीला, तुमच्या प्रतिनिधीला, उपचार करणाऱ्या डॉक्टरला किंवा पोलिसांना द्यावी लागू शकते. शक्य असेल तेव्हा तुम्हाला आधी सांगितलं जाईल." खाली प्रतिनिधीचं नाव, फोन आणि पेशंटची सही. मोठ्या अक्षरात छापा. आणि नुसतं सहीला पुढे करू नका, वाचून दाखवा. वाचताना "पोलिसांना" या शब्दाला तो थबकला तर तिथेच थांबून विचारा, काय वाटलं म्हणून.